मुलांशी बोलणाऱ्या ॲपला आधी ऐकता आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी बोलून गाणी, अंक, पशुपक्षी शिकवणारे ॲप तयार करण्याची कल्पना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि बालवाडी चालवणाऱ्या संस्थांनाही आकर्षक वाटते. ती चांगलीच आहे. या वयात लिहिता-वाचता येत नाही, बोलता मात्र येते. आणि पडद्याला डोळे लावून बसण्यापेक्षा बोलणे केव्हाही बरे. पण ॲप काय बोलणार यातच बहुतेकांची सगळी मेहनत खर्ची पडते आणि ऐकण्याचे काम तयार इंजिनावर सोपवले जाते. सोलापुरात तरी हे चालणार नाही. आम्ही याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आवाज ओळखणारी तयार इंजिने मुख्यतः मोठ्या माणसांच्या बोलण्यावर शिकवलेली असतात. मुलांचा कंठ आणि तोंडाची पोकळी लहान असते, त्यामुळे स्वर उंच लागतो आणि ध्वनीची ठेवणच वेगळी होते. शिवाय उच्चार अजून घडत असतात. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या अंगणवाडीत कावळ्याचे चित्र दाखवून ‘हा कोण?’ असे विचारा. कोणी कावळा म्हणेल, कोणी कावला, सगळ्यात धाकटे तावला. तेलुगू घरातले मूल काकि म्हणेल, कन्नड घरातले कागे, उर्दू बोलणाऱ्या घरातले कव्वा. सगळी उत्तरे बरोबर आहेत. मोठ्यांच्या मराठीवर तयार झालेले इंजिन मात्र ‘तावला’चे भलतेच काही करते आणि ‘काकि’ म्हणणाऱ्या मुलाने काकूला हाक मारली, असे समजते. मुलाला ‘चूक, पुन्हा सांग’ ऐकू येते. असे दोनदा झाले की ते फोन बाजूला ठेवते, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

म्हणून मुलाचे बोलणे अक्षरात उतरवायचा हट्ट पहिल्या टप्प्यात सोडावा. चित्र आपणच दाखवलेले असते, तेव्हा अपेक्षित उत्तर ठाऊक असते. प्रत्येक चित्रापुढे मान्य उत्तरांची छोटी यादी ठेवावी: मूळ शब्द, त्याचे बोबडे उच्चार आणि तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतला शब्द. आलेला आवाज एवढ्याच यादीशी ताडून पाहायचा. मग ॲप म्हणू शकते, ‘हो, कागे! मराठीत त्याला कावळा म्हणतात.’ अंकांनाही हीच रीत. २१ ला मूल ‘एकवीस’ म्हणो वा ‘वीस एक’, दोन्ही मान्य करावे. सुरुवातीला पन्नास शब्द पुरेत.

या पन्नास शब्दांसाठी चाळीस मुलांचे आवाज हवेत. प्रत्येक शब्द तीनदा घेतला तर सहा हजार तुकडे होतात. प्रत्येकी दोन सेकंद धरले तर एकूण तीन तास वीस मिनिटे. प्रति सेकंद १६ हजार नमुने, १६ बिट, एकच चॅनल या ध्वनिमुद्रणाच्या मापाने हे सगळे चारशे एमबीच्या आत बसते. म्हणजे काम आवाक्यातले आहे. मुलाला ‘माझ्यामागे म्हण’ असे सांगू नये, चित्र दाखवून विचारावे. मागून म्हणताना मूल मोठ्यांची लय उचलते आणि तसे ते एरवी बोलत नाही. ध्वनिमुद्रण शांत स्टुडिओत करू नये. साधा फोन हातभर अंतरावर ठेवून, पंखा फिरत असताना, शेजारी माग चालू असताना करावे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारी एक गफलत इथेच सांगितली पाहिजे. सगळे तुकडे एकत्र मिसळून त्यातले वीस टक्के चाचणीसाठी काढले, तर एकाच मुलाचा आवाज ॲपच्या शिकवणीतही जातो आणि चाचणीतही. आकडा सुरेख येतो, नव्या मुलापुढे ॲप कोसळते. चाळीसपैकी आठ-दहा मुले पूर्णपणे वेगळी काढावीत, त्यांचा एकही तुकडा शिकवणीत जाऊ देऊ नये. निकालही वय आणि घरची भाषा यांनुसार वेगवेगळा मांडावा. सरासरी छान दिसते आणि त्याखाली विडी घरकुल या कामगार वसाहतीतली तीन वर्षांची मुलगी झाकली जाते. बरोबर उत्तर किती वेळा नाकारले गेले, हा आकडा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. चुकीचे उत्तर चुकून मान्य झाले तर नुकसान थोडे. बरोबर उत्तर नाकारले तर मूल बोलायचेच थांबते. शंका असेल तेव्हा ॲपने दोष स्वतःकडे घ्यावा, ‘मला नीट ऐकू आलं नाही’ असे म्हणावे, आणि दुसऱ्या खेपेनंतर उत्तर स्वतः सांगून पुढे जावे.

ऐकणे थांबवायचे कधी, हाही प्रश्न आहे. मोठ्यांसाठी अर्ध्या ते एका सेकंदाची शांतता म्हणजे बोलणे संपले असे धरतात. मूल ‘ते... ते... केळं’ असे बोलते. त्याला दोन ते अडीच सेकंद द्यावेत. उलट यंत्रमागाच्या खडखडाटात शांतता कधी मिळतच नाही आणि ॲप ऐकतच राहते. त्यासाठी आठ सेकंदांची कमाल मर्यादा घालावी आणि सुरुवातीला सेकंदभर भोवतालचा आवाज मोजून घ्यावा. ‘व्हिस्पर’सारखी, बोलणे अक्षरात उतरवणारी मोठी प्रारूपे तर नुसत्या शांततेत किंवा गोंगाटात कोणीही न बोललेले शब्द उमटवतात, म्हणून माणसाचा आवाज आहे की नाही याची तपासणी आधी झालीच पाहिजे. हाक मारून जागे होणारे ॲप नको. बोबडी हाक त्याला कळत नाही, बॅटरी खाते आणि मायक्रोफोन कायम उघडा राहतो. पडद्यावर एक मोठे गोल बटण पुरे. ते दाबून धरायला लावू नये, एकदा टेकवले की झाले. ॲप बोलत असताना मायक्रोफोन बंद ठेवावा, नाहीतर ते स्वतःचेच उत्तर ऐकते.

बोलण्यासाठी यंत्राचा आवाज टाळलेला बरा. मराठीत ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले च वेगळे आहेत. यंत्र त्यांची सरमिसळ करू शकते आणि मूल तेच उचलते. तीन-चारशे वाक्ये एखाद्या शिक्षिकेच्या आवाजात मुद्रित करणे फार अवघड नाही. वाक्य पाच-सात शब्दांचे, प्रश्न एका वेळी एकच. मनाने उत्तरे रचणारी संवादी प्रणाली या वयाच्या मुलांना थेट जोडू नये, असे आमचे ठाम मत आहे. तिच्या तोंडून काय निघेल याची हमी तयार करणारेही देऊ शकत नाहीत.

आता आवाजाच्या मालकीविषयी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांविषयीच्या कर्तव्यात कसूर झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत २०२३ मध्येच अलेक्सावरील मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलर भरावे लागले. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आवाज फोनबाहेर जाऊच न देणे. पन्नास शब्दांचे छोटे प्रारूप काही एमबीत बसते, साध्या फोनवर इंटरनेटशिवाय चालते, आणि घरातला एकुलता फोन व त्याचे रिचार्ज वडिलांच्या खिशात असते तिथे याचा उपयोग वेगळाच. शिकवणीसाठी आवाज गोळा करताना संमतिपत्र पालकांना समजेल अशा भाषेत असावे, म्हणजे तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही. मुलाचे नाव तुकड्याला जोडू नये. वय आणि घरची भाषा पुरते.

महापालिकेच्या मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा एकाच शहरात आहेत. शिक्षण मंडळ, अंगणवाडी सेविका आणि शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून, पालकांच्या संमतीने, असा एक सामाईक आवाजसंच तयार करावा आणि तो सोलापूरच्या विद्यापीठाकडे ठेवावा, अशी आमची विनंती आहे. आज प्रत्येक गट चार-पाच मुलांचे आवाज घेऊन नव्याने सुरुवात करतो आणि वर्ष संपले की ते फेकून देतो. तोवर असे ॲप विकत घेणाऱ्या संस्थांनी सादरीकरण पाहून पैसे देऊ नयेत. आपल्याच बालवाडीतल्या दहा मुलांच्या हाती ते द्यावे, शेजारी बसावे, मुलांना काहीही सुचवू नये आणि किती बरोबर उत्तरे नाकारली गेली ते कागदावर मांडावे.

आपले,
बालशिक्षणासाठी आवाज-तंत्रज्ञानावर काम करणारे दोन वाचक, सोलापूर