डोंगल तुझ्याच कपाटात ठेव

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. आई मास्तरीण झाली असं वाटलं असेल. पण "डोंगल यांच्याकडेच असतं, मला कुठे कॉम्प्युटर जमतो" हे तू इतकं सहज बोललीस, की माझी झोप उडाली. त्या डोंगलमध्ये तुझी डिजिटल सही आहे. वित्त आयोगाचे पैसे सरपंच म्हणून तुझ्या आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या डिजिटल सहीवर निघतात. उद्या गटारीच्या बिलाची चौकशी लागली, तर नोटीस सरपंचाच्या नावाने येईल, जावईबापूंच्या नाही.

ते वाईट नाहीत गं. प्रचारात चोपड्याच्या उन्हात तेच फिरले. तरी डोंगल तुझ्याच कपाटात ठेव.

आमच्या वेळी डोंगल नव्हतं, सभेचं रजिस्टर होतं, त्यावर सही. २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, त्यानंतरच्या निवडणुकीत मी सदस्य झाले. त्याआधी पंचायत बरखास्त झाली की प्रशासक बसायचा आणि निवडणूक कधी, ते सरकारच्या मनावर. या दुरुस्तीने मुदत पाच वर्षांची बांधली, बरखास्त केली तर सहा महिन्यांत निवडणूक, आणि एक तृतीयांश जागा बायांना, सरपंचपदंसुद्धा. आपल्या राज्याने २०११ मध्ये निम्म्या केल्या. तुझी खुर्ची त्यातलीच.

तुझे आबा शिपायाला म्हणाले, "तठे बाईनं काय काम शे? रजिस्टर घर लई ये." मी कपाशी वेचत होते, तशीच उठून गेले. पदराला कवड्या चिकटलेल्या. सगळं प्रोसिडिंग मोठ्याने वाचायला लावलं, चौथी शिकलेल्या बाईनं! आबा कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःच मळ्यातून वांगी आणली, म्हणाले, भरीत कर. तू तेव्हा मांडीवर होतीस, मिरचीच्या खाटाने शिंकत होतीस.

झालं, पुन्हा भाषण. रागावू नको. घरात सासूबाई, दोन पोरं, त्यात रोज वाद नको, हे मलाही कळतं. तुझा शपथेचा फोटो मी डेअरीवाल्यालाही दाखवला.

पण पासवर्ड आजच बदल. ग्रामसभेत जमाखर्च तू वाच, अडखळलीस तर अडखळ.

कानबाईच्या सणाला ये, रोटांचे गहू निवडून ठेवलेत. लोणचं दादाच्या हाती पाठवते. जावईबापूंना हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल.

तुझी,
आई