नॅचेझमध्ये आधी वाडे नकोत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सहलींवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावाचा उल्लेख आहे. न्यू ऑर्लिन्सहून वर जाताना अर्धा दिवस थांबावे, पांढऱ्या खांबांचे दोन-तीन वाडे पाहावेत आणि पुढे निघावे, असा त्यातला सूर. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा इथे मुलांकडे गेलेले बरेच मराठी आईवडील असे लेख जपून ठेवतात आणि त्याबरहुकूम गाडी काढायला लावतात, म्हणून हे जरा सविस्तर पत्र. अर्ध्या दिवसात नॅचेझ होत नाही, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची: वाडे आधी पाहिले तर ते कळतच नाहीत.

गाव लहान आहे. २०२०च्या जनगणनेत वस्ती साडेचौदा हजारांच्या आसपास, त्यात निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. फ्रेंचांनी इथे १७१६ मध्ये रोझली किल्ला बांधला, म्हणजे वयाने हे गाव न्यू ऑर्लिन्सपेक्षा दोन वर्षांनी मोठे. नदीपासून सुमारे दोनशे फूट उंच कड्यावर वस्ती, खाली धक्का आणि पलीकडे लुइझियानाची सपाट गाळाची जमीन. वाडे बांधणाऱ्या कापूसमळेवाल्यांची शेती बरीचशी त्या पलीकडच्या पूरपट्ट्यात होती. राहायला मात्र ते अलीकडे, पाणी चढणार नाही अशा उंचावर. त्यामुळे नॅचेझमध्ये वाडे दिसतात. कापूस दिसत नाही आणि तो पिकवणारी माणसेही दिसत नाहीत. पाहुणा फसतो तो इथेच.

म्हणून सुरुवात सेंट कॅथरीन स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, फोर्क्स ऑफ द रोड या नाक्यावरून करावी. गावाच्या मध्यापासून गाडीने पाच मिनिटे. कापूसपट्ट्यात न्यू ऑर्लिन्सखालोखाल गुलामांचा सर्वांत मोठा बाजार इथे होता. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी झाली. तिकडे व्हर्जिनिया-मेरिलँडमध्ये तंबाखूची शेती उतरणीला लागली होती आणि इकडे कापूस वाढत होता, तेव्हा तिकडची माणसे इकडे विकली जाऊ लागली. साखळदंडांत जोडीजोडीने बांधून त्यांना हजार मैल चालवत आणत, नाहीतर जहाजाने न्यू ऑर्लिन्सला आणि तिथून आगबोटीने वर. १८३३ मध्ये पटकीच्या भीतीने नगरपालिकेने व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढले, म्हणून बाजार या नाक्यावर एकवटला. इथे लिलाव नसे. माणसे रांगेत उभी केलेली असत, गिऱ्हाईक फिरून पाहणी करी आणि एकेकाचा भाव घासाघीस करून ठरे. यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, उत्तरेच्या फौजेने गाव ताब्यात घेतले आणि बाजार उठला. तिथल्या कोंडवाड्यांची लाकडे पुढे सैनिकांनीच, त्यांत कृष्णवर्णीय पलटणीही होत्या, उखडून बराकींसाठी नेली.

आज तिथे इमारत म्हणून काही नाही. गवताचा तुकडा, माहितीफलक आणि जमिनीलगत काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या. नुसती वरवर नजर टाकली तर दहा मिनिटे, फलक नीट वाचले तर पाऊण तास. तिकीट नाही. २०२१ पासून ही जागा नॅचेझ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात आहे.

त्याच उद्यानाचे दुसरे ठिकाण म्हणजे स्टेट स्ट्रीटवरचे विल्यम जॉन्सनचे घर. हा १८०९ चा जन्माने गुलाम, १८२० मध्ये मुक्त झालेला, पुढे गावातला नावाजलेला न्हावी. १८३५ ते १८५१ अशी सोळा वर्षे त्याने रोजनिशी ठेवली: कोणाची उधारी, कुठली घोड्यांची शर्यत, नदीला किती पाणी, कोण कोणाशी भांडले. गोऱ्या गावकऱ्यांच्या दाढ्या करता करता त्याने त्यांचे सगळे ऐकून ठेवले होते. तो निर्मळ नायक आहे असे मात्र नाही. त्याच्याकडे स्वतःचेही गुलाम होते. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीच्या वादातून त्याचा खून झाला. पाहणारे साक्षीदार कृष्णवर्णीय होते आणि आरोपी स्वतःला गोरा म्हणवत होता. गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष चालत नसे, त्यामुळे तो सुटला. घराच्या विटाही पाहण्यासारख्या आहेत. ७ मे १८४० च्या टोर्नेडोत गावाची आणि धक्क्यावरच्या बोटींची वाताहत होऊन ३१७ माणसे गेली; त्या पडझडीतल्या विटा वापरून हे घर उभे राहिले. घर रोज उघडे असेल असे धरून चालू नये, उद्यानाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी वेळ पाहून घ्यावी.

यानंतर मेलरोझ. वकील जॉन मॅकमरन याने १८४० च्या दशकात बांधलेला हा वाडा उद्यानाच्याच ताब्यात आहे, आणि इथे मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्या मूळच्या उभ्या आहेत. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, वाड्याच्या आतल्या फेरीला तिकीट आहे. जेवणाच्या टेबलावर छताला टांगलेला भलामोठा पंखा बघा. मुंबईच्या साहेबी बंगल्यांत असे तसलाच झुलता पंखा, फक्त कापडाऐवजी महागणी लाकडाचा. कोपऱ्यात उभ्या केलेल्या गुलाम पोराने जेवण संपेपर्यंत त्याची दोरी ओढायची. मागच्या ओसरीवर घंटांची ओळ आहे. प्रत्येकीचा आवाज निराळा, म्हणजे कुठल्या खोलीतून बोलावणे आले ते आवाजावरून कळावे. फेरीत झुंबरांवर बरेच बोलणे होते. घंटांबद्दल आपण होऊन विचारावे.

आता वाड्यांकडे वळायला हरकत नाही. वेळ एकाच वाड्याला असेल तर तो लाँगवूड. स्टँटन हॉल (१८५७) जास्त झगमगीत आहे, रोझली (१८२३) जास्त जुना आणि कड्याच्या काठावर, पण लाँगवूड अर्धवट आहे आणि म्हणून जास्त सांगतो. हॅलर नट या मळेवाल्याने फिलाडेल्फियाचा वास्तुरचनाकार सॅम्युएल स्लोन याच्याकडून अष्टकोनी, डोक्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट असलेला हा वाडा काढला. काम १८६० मध्ये सुरू झाले. ३२ खोल्यांचा बेत होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटताच फिलाडेल्फियाचे कारागीर हत्यारे टाकून घरी गेले. तळमजल्याच्या नऊ खोल्या कशाबशा पुऱ्या झाल्या. नट १८६४ मध्ये न्यूमोनियाने गेला आणि कुटुंब त्या नऊ खोल्यांत राहिले. तळमजल्यावर गालिचे, आरसे, पलंग. जिना चढून वर आलात की गिलावा नसलेल्या उघड्या विटा, खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी, तुळयांचा सांगाडा थेट घुमटापर्यंत, आणि कारागिरांनी सोडलेली अवजारे. जाडजूड भिंती, कमानींची जोडणी, लाकूडकामाचे सांधे असे बांधकाम उघडे पाहायला फार कमी ठिकाणी मिळते. घरात कोणी इंजिनिअर असेल तर त्याला इथून हलवणे कठीण जाते, तेव्हा पुढच्या वेळा सैल ठेवा.

या हॅलर नटचे वडील रश नट यांचे नाव कापसाच्या इतिहासात आहे. मेक्सिकन बियाण्यापासून त्यांनी सुधारलेला 'पेटिट गल्फ' कापूस १८३० च्या दशकात दक्षिणेत पसरला. बोंड मोठे उमलते, वेचणी सोपी आणि रोग कमी. वेचणी सोपी म्हणजे माणशी वजनाची अपेक्षा वाढली, हेही त्यातच आले. विदर्भ-खानदेशच्या वाचकांना यात रस वाटावा अशी आणखी एक बाब आहे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या याच टापूतून दहा कापूसमळेवाले हिंदुस्थानात आणले होते, आपल्याकडे लांब धाग्याचा कापूस रुजावा म्हणून. बहुतेक ठिकाणी प्रयोग फसला. धारवाडकडे अमेरिकन बियाणे टिकले. पुढे १८६१ मध्ये दक्षिणेची बंदरे रोखली गेली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरला आणि शेअरबाजार कोसळून पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. लाँगवूडचे काम ज्या युद्धाने थांबवले त्यानेच मुंबईत समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांना ऊत आणला होता.

कापूस पाहायचा तर पूल ओलांडून व्हिडेलियामार्गे फेरीडेच्या दिशेने जावे. त्याच रस्त्यावर फ्रॉगमोर इथे चालू शेती आणि जुने वाफेवरचे जिनिंग यंत्र दोन्ही आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेते पांढरी होतात. वेचणी पूर्ण यंत्राने, त्यामुळे रानात माणूस दिसला तर नशीब. तिकडची गाठ सुमारे २१८ किलोची, आपली १७० ची. भाव ताडून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गावात दोन ठिकाणे आहेत जिथे सहलवाले नेत नाहीत. रिदम नाइट क्लबला २३ एप्रिल १९४० च्या रात्री आग लागून २०९ कृष्णवर्णीय माणसे मेली. सजावटीला छतावरून वाळलेले स्पॅनिश मॉस (झाडांवरून दाढीसारखी लोंबणारी वनस्पती) सोडले होते, त्यावर किडे मारायला पेट्रोलजन्य औषध फवारलेले, आणि फुकट्यांनी आत घुसू नये म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद. बाहेर पडायला एकच दार. त्या जागेवर छोटे स्मारक-संग्रहालय आहे. दुसरे, फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या मागे स्ट्रॅटन चॅपलमध्ये नॉर्मन पितापुत्रांच्या स्टुडिओतल्या छायाचित्रांचे कायमचे प्रदर्शन. आगबोटी, गाठींनी भरलेला धक्का, पूर, आणि सणासुदीचे कपडे घालून उभी असलेली कृष्णवर्णीय कुटुंबे. एका वाड्याचे तिकीट वाचवून इथे तासभर द्यावा.

युरोपीय येण्याआधीचे गाव पाहायला ग्रँड व्हिलेज ऑफ द नॅचेझ इंडियन्स. १२८ एकरांवर मातीचे तीन उंचवटे आणि एक लहान संग्रहालय. याच नॅचेझ लोकांनी नोव्हेंबर १७२९ मध्ये फ्रेंचांच्या वसाहतीवर हल्ला केला. फ्रेंचांनी घेतलेल्या सूडात ही जमात पांगली, काही गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकले गेले. गवतात लाल मुंग्यांची वारुळे असतात आणि चावा आठवडाभर सतावतो, म्हणून चपला-सँडल नकोत, बूट-मोजे घाला.

सोय-गैरसोयीचे थोडक्यात. गावाला प्रवासी विमान नाही, रेल्वे नाही. बॅटन रूजहून ९० मैल, जॅक्सनहून साधारण १००, न्यू ऑर्लिन्सहून १७० मैल म्हणजे तीन तास. मार्चच्या मध्यापासून महिनाभर 'पिलग्रिमेज' चालते (१९३२ पासून), तेव्हा एरवी बंद असलेली खासगी घरेही उघडतात, पण खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असा की वयस्कर माणसांना दुपारी बाहेर काढूच नये. क्रूझ बोट धक्क्याला लागलेली असेल त्या दिवशी दहाच्या सुमारास वाड्यांवर बसगाड्या येतात. पहिली फेरी गाठा किंवा दुपारनंतर जा. शाकाहारींनी हॉटेलात स्पष्ट विचारावे. 'ग्रीन्स' ही दिसायला नुसती पालेभाजी, पण ती डुकराच्या हाडावर शिजवलेली असते. राजम्यासारख्या बीन्सचेही तेच, आणि मक्याच्या पावात चरबी असू शकते. दोन दिवसांचे थेपले-दशम्या बरोबर असलेल्या बऱ्या.

धक्क्याकडे उतरायला सिल्व्हर स्ट्रीट हा जुना उताराचा रस्ता. पूर्वी खाली चांगल्या तीन-चार गल्ल्या होत्या, नदीने कापून नेल्या. कडा वाऱ्याने वाहून आणलेल्या लोएस मातीचा आहे. ही माती कोरडी असताना सरळ भिंतीसारखी उभी राहते आणि आतून भिजली की एकदम सुटते, म्हणून कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी पाय टाकू नये. नदीत पाय बुडवण्याचा मोहही आवरावा. वरून संथ दिसते, खाली ओढ जबर आहे. सूर्यास्त वरूनच पाहावा, कडा पश्चिमेला तोंड करून आहे.

दुसऱ्या दिवशी नॅचेझ ट्रेस पार्कवे, म्हणजे 'ट्रेस' या जुन्या पायवाटेच्या मार्गाने काढलेला रस्ता. ४४४ मैलांचा हा रस्ता नॅशव्हिलपर्यंत जातो, मैलांचे दगड नॅचेझपासून मोजलेले. १०.३ वर एमरल्ड माउंड, आठ एकरांचा मानवनिर्मित मातीचा चौथरा. १५.५ वर माउंट लोकस्ट, जुनी उतारशाळा. ४१.५ वर जुन्या पायवाटेचा खोल घासलेला तुकडा, दोन्ही बाजूंना त्याच लोएसच्या डोक्याहून उंच भिंती. पाच मिनिटांची चाल आहे, पावसानंतर घसरडी. फोर्क्सच्या बाजाराकडे हाकलली जाणारी माणसे ट्रेसवरूनही येत. वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे आणि रेंजर ती पाळायला लावतात. फोनला रेंज मधूनमधून जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. ट्रेसवर कुठेही पेट्रोल पंप नाही. टाकी नॅचेझमध्येच भरून निघावे, नाहीतर पोर्ट गिब्सनला बाहेर पडावे लागते.

आपला,
एक मराठी वाचक, बॅटन रूज (लुइझियाना)