शहाद्याजवळच्या केळीवाल्या हमालदादांचे आभार

आमच्या घोडीला कुमरी आहे. गाईबैलांच्या पोटात राहणाऱ्या सेटारिया कृमीच्या अळ्या डासांमार्फत घोड्यात शिरतात, मज्जारज्जूत भरकटतात आणि मागचे पाय मेंदूचं ऐकेनासे होतात. औषधाने अळ्या मरतात, झालेली इजा मात्र बरेचदा राहून जाते. डॉक्टरांकडून परतताना शहाद्याजवळ टेम्पोला करकचून ब्रेक लागला आणि घोडी आडवी झाली.

जमलेले लोक पाय धरून ओढायला निघाले होते. (ओढलं की उरलीसुरली ताकदही घाबरून तडफडण्यात जाते.) केळीचा ट्रक भरणं थांबवून तुम्ही आलात आणि त्यांना मागे सारलंत. तुमच्यातल्या वयस्कर दादांनी आधी तिची म्होरकी काढली. पडलेल्या घोड्याच्या गालावर कडी रुतली तर खालची नस दबून ओठ लोंबतो, हे किती जणांना ठाऊक असतं? मग खालचा डोळा पत्र्याला घासू नये म्हणून डोक्याखाली गोणपाटाची जाड घडी सरकवली. तिला छातीवर बसती करून दोन्ही बाजूंनी केळीच्या वाळक्या पानांचे भारे लावलेत, निसरड्या पत्र्यावर माती पसरलीत, पुढचे पाय समोर घेतलेत. आणि थांबलात. ती स्वतःहून जोर लावेपर्यंत कुणी हात लावला नाही. तोवर दादा गमछाने तिच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकत बसले होते.

ती उठली तेव्हा कुल्ह्यांना दोन्हीकडून तुमचेच खांदे होते. ट्रक सुटायच्या घाईत तुमची नावंही कळली नाहीत. दादा, घोडी ठीक आहे, चारा खातेय. मनापासून आभार.