बंबाचा उशीर छापलात, पाण्याचं काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘बंब उशिरा आल्याने ऊस खाक’ ही बातमी वाचली. उशीर झाला हे खरं आहे. पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर, त्यात हंगामात रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, दुसरं काय होणार? पण त्याच बातमीच्या शेवटी ‘बंब पाणी आणण्यासाठी परत गेला’ असं एक वाक्य आहे. खरी बातमी ती होती. तुमच्या वार्ताहराने ती एका ओळीत उरकली आणि सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारला, याचा संताप आला म्हणून हे पत्र.

बंबाच्या टाकीत साधारण 4500 लिटर पाणी मावतं. 20 मिलिमीटरचं नोझल लावून 7 किलो दाबाने नळीची एक लाईन चालवली तर मिनिटाला 700 लिटरच्या आसपास पाणी जातं. सहा-साडेसहा मिनिटांत टाकी कोरडी. 12 मिलिमीटरचं नोझल लावलं तर तेच पाणी सतरा-अठरा मिनिटं पुरतं, पण पेटलेल्या पाचटाच्या धगीत तो फवारा लांबवर टिकत नाही. वाऱ्यावर धरलेला फड बंबाने वाचत नसतो. बंब पुढचा फड, गोठा आणि कडब्याची गंजी राखायला असतो. त्यातही गंजी वरून पाणी मारून विझत नाही, आत धुमसत राहते. दाताळ्याने उपसून थराथराने भिजवावी लागते आणि एवढ्यालाच दोन टाक्या सहज लागतात.

‘शेजारी विहिरीत दोन परस (दोन पुरुष खोल) पाणी असताना ते घेतलं नाही’ असा आरोप तुम्ही गावकऱ्यांच्या तोंडून छापला. निदान अग्निशमन केंद्रात फोन करून विचारायचं होतं. बंबाचा पंप वर काठावर असतो आणि तिथून पाणी ओढतो. पाणी चढतं ते हवेच्या दाबावर. व्यवहारात सात मीटर, म्हणजे तेवीस फुटांपुढे ते चढत नाही, मग पंप कितीही मोठा आणा. आपल्याकडच्या बहुतेक विहिरींत फेब्रुवारीनंतर पाण्याची पातळी पस्तीस-चाळीस फुटांवर गेलेली असते. दोन परस पाणी असलं तरी ते त्याच्या खाली. पातळी वर असली तरी पाणी ओढायच्या नळीच्या (सक्शन होजच्या) जोडातला रबरी वायसर वाळलेला असला की पंप हवा ओढतो आणि प्रायमिंग होत नाही, म्हणजे पंपात पाणीच चढत नाही. शेतकऱ्याची मोटर चालू करावी, तर आग लागताच फिडर, म्हणजे शेताकडची वीज, बंद केलेला असतो, आणि तो बंद करायलाच हवा.

पाणी गावातच आहे, गावाच्या उंच टाकीत. जलजीवन मिशनमधून गावोगाव टाक्या उभ्या राहिल्या. 50,000 लिटरची, बारा मीटर उंच खांबांवरची टाकी असेल तर तिच्या तळाच्या वॉशआऊट पाईपला (टाकी धुताना पाणी काढायच्या पाईपला) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून अडीच इंची व्हॉल्व्ह बसवावा. नुसत्या उंचीच्या दाबावर, वीज नसताना, बंब सात-आठ मिनिटांत भरतो. मात्र बंबाची नळी जोडायचं गनमेटलचं कपलिंग टाकीवर कायम बसवून ठेवू नये, ते भंगारात विकायला चोरीला जातं. टाकीवर साधे आटे आणि टोपण ठेवावं. त्या आट्यांवर बसणारं 63 मिलिमीटरचं फिमेल कपलिंग बंबातच असावं, आणि तालुक्यातल्या सगळ्या टाक्यांचे आटे एकाच मापाचे असावेत. नाहीतर ऐन वेळी हातात कपलिंग आहे आणि बसत नाही, ही गत ठरलेली.

दुसरी अडचण अशी, की सकाळचं पाणी सोडल्यावर टाकी रिकामी होते. त्यासाठी गावाला पाणी सोडणाऱ्या पाईपचं तोंड टाकीच्या आत थोडं वर घ्यावं लागतं. पाच मीटर व्यासाच्या टाकीत 45 सेंटीमीटरचा उभा तुकडा बसवला की तळाला जवळपास 9000 लिटर, म्हणजे बंबाच्या दोन खेपा, कायम राखून राहतात. हे तळाचं पाणी शिळं होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा वॉशआऊटने काढून टाकावं. त्या निमित्ताने व्हॉल्व्हही फिरता राहतो. वर्षभर न फिरवलेला व्हॉल्व्ह आगीच्या दिवशी जागचा हलत नाही.

हे करायचं कुणी? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत ती नाहीच. त्यामुळे गावाला हक्काचा बंब नाही. येतो तो शहराचा, आणि बऱ्याच ठिकाणी हद्दीबाहेर आल्याचा आकार लावून. ते पैसे कोण भरणार या घोळात फोन करायलाच पाव तास जातो. पण टाकीला व्हॉल्व्ह बसवणं हे पाणीपुरवठ्याचं काम आहे आणि पाणीपुरवठा ग्रामपंचायतीकडेच आहे. त्यासाठी अग्निशमन दलाची वाट बघायची गरज नाही.

आणखी एक. आग विझण्याआधीच ‘शॉर्टसर्किटने आग’ असं छापणं कृपया थांबवा. शेतातली विजेची आग बरेचदा झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासून लागते. तेही शॉर्टसर्किटच, पण ते चौकशीनंतर ठरायला हवं. विजेमुळे लागलेल्या आगीची चौकशी हे विद्युत निरीक्षकाचं काम आहे. तलाठ्याच्या पंचनाम्याने ती होत नाही. जळलेल्या उसाचा साखर उतारा घटतो, कारखाना जळिताची कपात लावतो, म्हणून शेतकरी दोन दिवसांत ऊस तोडून रान मोकळं करतो आणि पुरावाही त्यातच जातो. तारेवरचे ठिणगीचे चट्टे आणि खाली पडलेले वितळलेल्या ॲल्युमिनियमचे मणी हाच तो पुरावा. निरीक्षक येईपर्यंत तारेखालच्या सऱ्या तशाच ठेवा आणि मण्यांना हात न लावता तारीख-वेळेसह फोटो काढा, एवढं तरी आपल्या दैनिकाने ठळक चौकटीत छापावं.

आपला,
एक निवृत्त फायरमन, जि. सांगली