डोंगर उतरण्याची तयारी

चिपळूण

चि. बाळास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. डायलिसिसच्या रुग्णांसाठी निधी उभारणाऱ्या डोंगरशर्यतीत तू नाव नोंदवलेस, हे वाचून मी बराच वेळ ओटीवर तसाच बसून होतो. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार-चार तास यंत्राशेजारी पडून राहणाऱ्या तुझ्या काकांची ने-आण करण्यात आपल्या घराची दोन वर्षे गेली, त्यामुळे "गुहागरला सपाट किनाऱ्यावर राहून चढाची सवय कशी करू?" हा तुझा प्रश्न मी मनावर घेतला आहे.

तू पुळणीवर धावतेस ते उत्तमच आहे. भुसभुशीत वाळूत धावताना कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा खर्च होते, म्हणून त्याने दम नक्की वाढेल. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू हवी असेल तर मात्र घड्याळाची एकच वेळ धरून चालणार नाही, कारण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. तिथी पाहून वेळ ठरव. किनारा समुद्राकडे उतरता असतो, तेव्हा जितके जाशील तितकेच त्याच वाटेने परत ये, म्हणजे एकाच पायावर ताण राहणार नाही.

परंतु माझी खरी काळजी चढाची नाही, उताराची आहे. ऐन तारुण्यात मी रायगड कुठेही न थांबता चढलो आणि त्याच तोऱ्यात पायऱ्यांवरून धावत खाली आलो. त्या दिवशी काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मांड्या अशा भरून आल्या की जेवायला पाटावर बसता येईना, आणि आई मला हात धरून उठवत होती. उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत असतानाच ताणला जातो, त्याला सूक्ष्म इजा होते आणि तिचे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते. हा आघात वाळू आपल्या पोटात घेते, त्यामुळे पुळणीवर कितीही धावलीस तरी मांड्यांना उताराची ओळख होत नाही.

ती ओळख पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर होईल. वाडीतून सड्यावर जाणारी जांभ्याची जी पाखाडी लहानपणी तू आजीबरोबर उतरत होतीस, तीच तुझा डोंगर समज. एक पायरी १५ सेंटीमीटर धरली तर २०० पायऱ्यांची उंची ३० मीटर होते, म्हणजे तू लिहिलेली शर्यतीतली ९०० मीटरची चढाई ३० फेऱ्यांत भरते. आरंभी आठवड्यातून एकदाच पाच-सहा फेऱ्या कर, चढ चालत आणि उतार हलक्या, छोट्या पावलांनी धावत. मग हळूहळू वाढव. एकदा उताराने दुखावलेला स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते, म्हणून शेवटची मोठी उतरण शर्यतीच्या दोन आठवडे आधी करून थांब. पाऊस पडून गेला असेल आणि जांभ्यावर शेवाळ असेल, तर त्या दिवशी पाखाडीकडे फिरकू नकोस.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही, म्हणून पहाटेच नीघ आणि पाण्याबरोबर थोडे मीठ घेत जा.

काकांना मी अजून काही सांगितलेले नाही. ते तूच सांग. सुट्टीला आलीस की परशुरामाच्या डोंगरावर जाऊ. मी वर देवळाशी बसून तुझ्या फेऱ्या मोजीन, आणि प्रत्येक वेळी उतरताना गुडघे किंचित वाकलेले आहेत की नाहीत, तेही पाहीन.

तुझे,
बाबा