चि. सईस: दुसऱ्या सेमिस्टरच्या कॅल्क्युलसबद्दल

यवतमाळ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गणिताचं फोनवर बोलणं धड होत नाही, म्हणून सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊनच वाच.

सगळ्यात आधी सीईटीची सवय सोड. तिथे ९० मिनिटांत ५० प्रश्न होते, आणि इंटिग्रेशन अडलं तर चारही पर्यायांचं डिफरन्शिएशन करून उलट्या बाजूने उत्तर गाठता यायचं. इथे पर्याय नाहीत. कोणती रीत लावायची हे आधी ठरवावं लागतं, आणि पोरं अडतात ती तिथेच.

हे पाच इंटिग्रल एकाखाली एक मांड. छेदात एक्स²+४ आणि अंशात एक्स असेल तर छेदाला यू मानायचं, उत्तर लॉगमध्ये येतं. छेद तोच पण अंशात नुसता १, तर टॅन इन्व्हर्स. अंशात एक्स² असेल तर आधी भागाकार. १ वजा ४/(एक्स²+४) झालं की पुढचं सोपं. छेद एक्स²−४ झाला की पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे अपूर्णांकाची सोप्या अपूर्णांकांत फोड. आणि अंशात १, छेदात √(एक्स²+४) असेल तर एक्स = २ टॅन थीटा. दिसायला सख्खी भावंडं, पण प्रत्येकाची रीत वेगळी. पुस्तकातल्या स्वाध्यायांवर रीतीचं नाव छापलेलंच असतं, त्यामुळे ही निवड तिथे करावीच लागत नाही. म्हणून वेगवेगळ्या स्वाध्यायांतली वीस गणितं चिठ्ठ्यांवर लिही, मिसळ, एकेक उचल. प्रत्येकी दोन मिनिटं. फक्त रीत आणि पहिली ओळ लिहायची, की पुढची चिठ्ठी. पूर्ण सोडवायची रोज पाच-सहाच.

बाय पार्ट्समध्ये, म्हणजे दोन फलनांच्या गुणाकाराच्या इंटिग्रेशनमध्ये, आयलेटचा क्रम (इन्व्हर्स, लॉग, अल्जेब्रिक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल; आधी येईल ते यू) बहुतेक वेळा चालतो, पण तो नियम नव्हे. ई-घात-एक्स गुणिले साइन एक्स हे दोनदा करावं लागतं. पहिल्या फेरीत ज्याला यू मानलंस, दुसऱ्या फेरीतही त्याच जातीचं फलन यू घे. मध्येच अदलाबदल केलीस तर पहिल्या फेरीत केलेलं दुसरी फेरी पुसून टाकते आणि हातात ० = ० उरतं. मग मुलं तासभर चिन्हाची चूक शोधत बसतात. चिन्ह बरोबर असतं.

पार्शल फ्रॅक्शनला अंशाचा घात छेदाच्या घातापेक्षा कमीच हवा, नाहीतर आधी भागाकार. छेदात (एक्स−१)² असेल तर ए/(एक्स−१) आणि बी/(एक्स−१)² अशी दोन्ही पदं लिही. एक्स/(एक्स−१)² मध्ये दोन्ही स्थिरांक १ येतात. पडताळा घ्यायला एक्स = २ ठेव: डावीकडे २, उजवीकडे १+१. दहा सेकंदांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

डेफिनिट इंटिग्रलमध्ये यू आलं की सीमाही बदलल्या पाहिजेत. ० ते २ पर्यंत एक्स/(एक्स²+४) मध्ये यू ४ पासून ८ पर्यंत जातो, उत्तर अर्धा लॉग २, म्हणजे साधारण ०.३५. इथे मूळ फलन कुठेही पाव या किमतीच्या वर जात नाही आणि लांबी २ आहे, म्हणजे उत्तर अर्ध्याच्या आत हवं. असा अंदाज समासात आधीच टाकून ठेवत जा.

इम्प्रॉपर इंटिग्रलचा सापळा वेगळा. −१ ते १ पर्यंत १/एक्स² डोळे मिटून सोडवलंस तर −२ येतं. फलन सगळीकडे धन, मग क्षेत्रफळ ऋण कसं? कारण मध्ये शून्यावर फलन फुटतं. तिथे दोन तुकडे करून लिमिट घ्यावी लागते, आणि ते अपसरतं, म्हणजे मर्यादित किंमत मिळतच नाही. सीमांमध्ये छेद कुठे शून्य होतो का, हे आधी बघ.

सिरीज, म्हणजे न संपणारी बेरीज, मात्र खरी जड आहे, कारण तिथे उत्तर आकडा नसून ‘कारण’ असतं. पदं शून्याकडे जातात म्हणून बेरीज मर्यादित, असं कधी लिहू नकोस. १ + १/२ + १/३ … ही बेरीज दहा लाख पदांनंतरही जेमतेम १४.४ असते, तरी ती थांबत नाही. फॅक्टोरियल किंवा एन हा घातात दिसला तर रेशो टेस्ट, म्हणजे पुढचं पद भागिले आधीचं पद याची लिमिट. नुसते एनचे घात असतील तर रेशो १ येतो आणि टेस्ट मुकी होते. तिथे पी-सिरीजशी (१ भागिले एन-घात-पी यांची बेरीज) लिमिट कंपॅरिझन कर. पॉवर सिरीजमध्ये (एक्सच्या घातांची सिरीज) अभिसरणाची त्रिज्या काढून थांबू नकोस, दोन्ही टोकं स्वतंत्र तपास. एक्स-घात-एन भागिले एन ही −१ ला अभिसरते, १ ला नाही.

केरळच्या माधवाची १ − १/३ + १/५ … ही पाय/४ ची सिरीज चौदाव्या शतकातली. तिची दहा पदं घेऊन ४ ने गुण: ३.०४ येतं. अभिसरण म्हणजे वेग नव्हे, हे या एका गणितात कळतं.

आता वेळेचं. उन्हाळी परीक्षा म्हणजे नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि दुपारी हॉस्टेलच्या खोलीत कूलर कोमट हवाच फेकतो. सिरीज वर्गात बहुधा शेवटी येते, नेमकी त्या दिवसांत. म्हणून इंटिग्रेशनच्या रीती फेब्रुवारीतच हातात बसव आणि सिरीज मार्चमध्ये स्वतःहून उघड. एप्रिलपासून अभ्यास पहाटे पाच ते आठ. लोकमान्य नगरहून बर्डीला मेट्रोने जाताना चिठ्ठ्या काढ आणि रीत मनातच ठरव, तिथे पेन लागत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांच्या चुकलेल्या गणितांचे फोटो पाठव. खोडू नकोस, जशी आहेत तशी. बरोबर आलेली नकोत.

आई लाडू देतेय, बसच्या पार्सलने येतील.

तुझे बाबा