बाबा, मे महिन्याच्या पाहुण्यांआधी विम्याचं बघू

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर विम्याचा विषय काढला की बाबा म्हणतात, "ऑफिस घरी आणू नकोस," आणि आई मधेच "जेवलीस का" विचारते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. विम्याचं नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या ऑफिसात बसून इतकी वर्षं लोकांच्या जळालेल्या-बुडालेल्या घरांचे कागद लावते, तर आपल्या मुरुडच्या घराबद्दल एकदा तरी सविस्तर बोलू दे.

दिवाळीत माडीवर उतरलेल्या त्या मुलांनी हुक्क्याचा निखारा गादीवर पाडला, आजोबांच्या पलंगाची फळी काळी केली आणि जाताना न्हाणीघरातलं बेसिन भिंतीतून निखळवून ठेवलं. आईने दुसऱ्याच दिवशी गादी परसात नेऊन जाळली आणि खोली लख्ख केली. या नुकसानीचं मला फार वाटत नाही. मला झोप लागली नाही ती बाबांच्या एका वाक्याने. विमा कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, "घरात पाहुणे ठेवता का?" आणि बाबा म्हणाले, "छे, नातेवाईक होते."

बाबा, आपल्याच फाटकावर पाटी आहे: घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. खाली तुमचा मोबाइल नंबर.

तो क्लेम पुढे नेऊ नका. बेसिनचे पैसे तसेही मिळाले नसते. आपली पॉलिसी भारत गृह रक्षा आहे. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ही एकाच मसुद्याची पॉलिसी ठेवावी लागते. त्यात घटनांची यादी आहे: आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल, असं. यादीतल्या घटनेने नुकसान झालं तर भरपाई, नाही तर नाही. दणकट मुलगा बेसिनवर बसला आणि ते निखळलं, हे त्या यादीत कुठेच बसत नाही. गादी-पलंगाचं आगीत बसवता आलं असतं, पण गादी आईने जाळली आणि सर्व्हेअरला दाखवायला उरली ती राख. एवढ्याशा रकमेसाठी खोटं विधान नोंदवून घेतलं, तर उद्या खरंच मोठं काही झाल्यावर कंपनी तेच पान उघडून दाखवेल.

आता मूळ मुद्दा. ही पॉलिसी आली कुठून ते आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आपली अर्धी कौलं उडवली, सुपारीची झाडं आडवी केली. पुढच्या वर्षी छपरासाठी कर्ज काढलं, तेव्हा बँकेतून कर्जाबरोबर दहा वर्षांची पॉलिसी मिळाली. फॉर्मवर 'स्वतःच्या राहण्यासाठी' या चौकोनात खूण आहे. तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. पाहुणे नंतर आले, आधी एक खोली, मग माडीवरच्या दोन, आणि आता बाबा म्हणतायत की गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्यात याल तेव्हा अख्खं घरच ऑनलाइन लावू. घर बदललं, त्याचा वापर बदलला, कागद मात्र २०२१ मध्येच बसून आहे. भाड्याने द्यायला लागलो, राहण्याशिवाय दुसरा वापर सुरू केला, तर ते कंपनीला आपण होऊन कळवायचं असतं. कंपनीने विचारायची वाट बघायची नसते.

"कोण बघायला येतंय?" असं तुम्ही म्हणाल. बाबा, हल्ली यावंही लागत नाही. आमच्याकडे घाटावरच्या एका बंगल्याची फाइल आली होती, गावाचं नाव सांगत नाही. रात्री वायरिंगने पेट घेतला आणि दिवाणखाना खाक झाला. पॉलिसी राहत्या घराची. मालकांनी लिहून दिलं की घर कुटुंबाच्या वापरातच आहे. आमच्या साहेबांनी शेजाऱ्यांना विचारलंही नाही, जागेवरच मोबाइल काढला आणि लोकांनी त्या बंगल्याला दिलेले अभिप्राय वाचायला घेतले. 'स्विमिंग पूल छान, पोहे अप्रतिम, म्युझिक सिस्टीम जोरदार.' एकात तर त्याच दिवाणखान्यात केक कापतानाचा फोटो होता, मागे जळालेला तोच सोफा, अर्थात जळण्याआधीचा. ते पान रिपोर्टला जोडलं गेलं. कंपनीने क्लेम नाकारला, मालक ग्राहक आयोगात गेले, आणि वकिलाची फी सुरू झाली ती अजून चालूच आहे. आग खरी होती, नुकसान खरं होतं. भांडण आगीवर नव्हतंच.

अशा भांडणात सगळंच हातचं जातं असंही नाही. खाजगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने फिरवली आणि अपघात झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की वापराची अट मोडली म्हणून पूर्ण क्लेम फेटाळू नका, तडजोडीने काही भाग द्या. अशा वेळी ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धत आहे. घरांच्या प्रकरणांतही वकील या निकालाचा आधार घेतात. पण तो आधार आयोगाची पायरी चढल्यावर मिळतो, आणि तुमच्या गुडघ्यांना पायऱ्या वर्ज्य आहेत.

चोरीचं आणखी वेगळं. भारत गृह रक्षामध्ये चोरी धरतात ती फक्त आग-वादळासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यातही मेख आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या 'बळजबरीने प्रवेश' अशी असेल, तर कुलूप-कडी तोडल्याची खूण लागते. ज्याला आपण स्वतः हसून किल्ली दिली, 'चहा किती वाजता पाठवू' विचारलं, त्याने जाताना तांब्याचा बंब गाडीत टाकला, तर त्यात बळजबरी कसली? म्हणून आई, ओटीवरची पितळी समई आणि माजघरातला तो कोरीव पेटारा पाहुण्यांच्या बाजूला शोभेला ठेवू नकोस. जुन्या मौल्यवान वस्तू मूळ पॉलिसीत धरत नाहीत, त्यांची किंमत आधी ठरवून वेगळं कलम घ्यावं लागतं. त्यापेक्षा आतल्या खोलीत कुलपात राहू देत. पाहुण्यांना स्टीलचा तांब्या पुरे.

आता बाबांनी पाठवलेली ती एअरबीएनबीची, म्हणजे घरं ऑनलाइन भाड्याने लावणाऱ्या कंपनीची लिंक. ३० लाख डॉलरपर्यंत नुकसानभरपाई हे वाचून तुम्ही खुश झालात, साहजिक आहे. त्यामागची गोष्टही ऐका. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईचं घर पाहुण्यांनी पार उद्ध्वस्त केलं, बोभाटा झाला, तेव्हा कंपनीने ५० हजार डॉलरची हमी सुरू केली. तीच वाढत इथपर्यंत आली. हमी खरी आहे, पण तो विमा नाही, तसं कंपनी स्वतःच लिहिते. ती कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेला शब्द आहे. त्यामुळे वाद झाला तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येत नाही. पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत मागणी टाकायची, आधी पाहुण्याकडेच पैसे मागायचे, त्याला २४ तास द्यायचे, तो नाही म्हणाला किंवा गप्प बसला की मग कंपनीला मधे घालायचं. आधीचे फोटो, नंतरचे फोटो, बिल किंवा दुरुस्तीचा अंदाज, सगळं जोडायचं. रोजच्या वापराची झीज, वादळ-पूर, रोख रक्कम यात धरत नाहीत. पाहुण्याला दुखापत झाली तर १० लाख डॉलरपर्यंतचं दायित्वाचं, म्हणजे आपल्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईचं, वेगळं संरक्षण आहे, ते मात्र विम्याचंच आहे.

आणि हे सगळं फक्त त्यांच्यामार्फत झालेल्या बुकिंगला. तुमचे निम्म्याहून जास्त पाहुणे "काका, मागच्या वर्षी आलो होतो" असा फोन करून येतात. त्यांच्यासाठी त्या ३० लाखांतला एक डॉलरही आपला नाही.

तर माझं म्हणणं असं. अख्खं घर ऑनलाइन लावायचं यंदा सोडून द्या. तुम्ही दोघं घरात असताना माडीवर पाहुणे असणं वेगळं आणि तुम्ही पुण्यात असताना चौदा अनोळखी माणसं स्वयंपाकघरात असणं वेगळं. ते तिथे आपल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर मासे तळणार, आणि तो सिलिंडर धंद्याला वापरायची मुळात परवानगीच नाही. आग लागली तर सर्व्हेअर आधी सिलिंडरचाच फोटो काढतो, मीच ते फोटो फाइलला लावते. शिवाय ऑपरेशनच्या निमित्ताने घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर तेही कंपनीला कळवून ठेवावं लागेल.

माडीवरचे पाहुणे चालू ठेवू, पण उघडपणे. मी कंपनीला द्यायचं पत्र तयार केलं आहे, सोबत दोन प्रती आहेत. त्यात लिहिलं आहे की घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, केव्हापासून देतो, आणि यासाठी पॉलिसीत बदल करावा किंवा योग्य पॉलिसी सुचवावी. बहुधा ते भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा सुचवतील. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या धंद्यांसाठी ती असते. हप्ता वाढेल, बाबा कुरकुरतील, ते मी धरून चालले आहे. त्या पॉलिसीत एक गोष्ट जपायची: विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी दाखवली, तर भरपाई त्या प्रमाणात कापतात. घराच्या पॉलिसीत तशी कपात नसते, इथे असते. म्हणून हप्ता वाचवायला आकडा कमी लिहू नका. आकडा बांधकामाचा धरायचा, जमिनीचा नाही. आपल्या वाडीला आता किती भाव आलाय हे बाबांनी त्या माणसाला ऐकवायची गरज नाही.

विहिरीचं मला सगळ्यात जास्त वाटतं. घर जळलं तर पैशाने उभं राहतं, पण पाहुण्यांचं पोर रहाटाला लोंबकळलं तर? जाळी मी येण्याआधी बसवून घ्या, लोखंडी, कुलपाची. त्याचबरोबर पाहुण्यांच्या इजेसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा पत्रात मागितला आहे. माडीवरच्या एसीसाठी वायरमनला बोलवून वेगळी लाइन ओढून घ्या. शॉर्टसर्किटने एसी जळला तर एसीचे पैसे कुठलीच अशी पॉलिसी देत नाही. त्यातून लागलेल्या आगीत छप्पर गेलं तर छपराचे देते.

आई, तुला एकच काम. पाहुणे येण्याआधी आणि गेल्यावर खोलीचे फोटो काढायचे, बेसिन, गादी, टीव्ही, पंखा सगळं येईल असे, आणि मला पाठवायचे. तुला ते अपमानाचं वाटतं, लोकांवर संशय घेतल्यासारखं, हे मला माहीत आहे. पण तू त्यांच्यासमोर काढूच नकोस, चादर बदलताना काढ. आणि काही मोडलं-जळलं तर आवरायची घाई करू नकोस. पसारा बघून तुझा जीव खालीवर होतो, तरी फोटो होऊन कंपनीला कळेपर्यंत गादी जागेवर राहू दे.

इतकं करूनही क्लेम नाकारला तर काय, हे बाबा विचारणारच. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी द्यायचं. एक महिना उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीला पाळावा लागतो, आपल्याला पटला नाही तर आयोगाची वाट मोकळी असते. मी बघितलंय, ज्यांचे कागद सरळ असतात त्यांचं तिथे बऱ्यापैकी निभावतं. दहा वर्षं हप्ते भरलेली माणसंही एका चुकीच्या उत्तरामुळे तिथे हिरमुसून बसलेली दिसतात.

सोबतच्या दोन्ही प्रतींवर बाबांनी सही करायची. एक दापोलीच्या शाखेत द्यायची आणि दुसरीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घेऊन परत आणायची. शिक्का दिल्याशिवाय तिथून उठू नका, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बाहेर बसा. मग त्या प्रतीचा फोटो मला पाठवा. ऑपरेशनची तारीख डॉक्टर या आठवड्यात सांगतील, त्याप्रमाणे मी न्यायला येते.

तुमची,
मनू